पत्ता पूर्ण लिहावा

मंडळी, १९९५ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पिअर ओमिड्यार नावाच्या एका तरुण संगणक अभियंत्यानं लिलावाची एक वेबसाइट सुरू केली आणि ती चालते का हे बघायला घरातलीच एक वस्तू विकायला ठेवली. वस्तू काय, तर लेझर पॉइंटर. व्याख्यान देताना पडद्यावर लाल ठिपका पाडायची ती छोटी कांडी असते ना, ती. तीसुद्धा बिघडलेली! बोली एक डॉलरपासून सुरू झाली आणि १४ डॉलर ८३ सेंटला कांडी विकली गेली. ओमिड्यारला राहवेना. त्यानं गिऱ्हाइकाला कळवलं की बाबा रे, ही बंद आहे. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की आपण बंद पडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. ती वेबसाइट पुढं 'ईबे' या नावानं जगभर गाजली आणि हा किस्सा तिच्या जन्मकथेचा भाग होऊन बसला.

या किश्श्यात ऑनलाइन विक्रीचं सगळं मर्म आहे. आपल्या आठवडी बाजारात भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाचा चेहरा बघते. कोण घासाघीस करणार, कोण उधारी मागणार, कोण नुसताच हात लावून पुढं जाणार, हे तिला चार पावलांवरून कळतं. इंटरनेटवर विकणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त एक पत्ता. तो वाचूनच कळायचं, की आपली वस्तू कुणाला हवी आहे आणि ती कुठवर जाणार आहे. म्हणून या धंद्यातली सगळी नवलाई पत्त्यात असते. आज मला त्याच पत्त्यांविषयी बोलायचं आहे.

त्याच १९९५ सालच्या जुलैमध्ये जेफ बेझोस यांनी 'अ‍ॅमेझॉन' हे पुस्तकांचं ऑनलाइन दुकान उघडलं. पहिल्या महिन्याभरातच अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतून आणि ४५ देशांतून मागण्या आल्या. जाहिरात म्हणावी तर जवळजवळ नव्हतीच. बल्गेरियातल्या एका गिऱ्हाइकाचा किस्सा बेझोस पुढं भाषणांतून सांगत. त्यानं पुस्तकांचे पैसे म्हणून शंभर-शंभर डॉलरच्या दोन नोटा फ्लॉपी डिस्कच्या पोटात दडवून टपालानं पाठवल्या होत्या. पैसे आत आहेत, अशी इंग्रजी चिठ्ठी वर होती. त्याचा हिशेब असा की, जकातवाले नोटा काढून घेतात, पण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही! एका पुस्तकासाठी माणूस काय काय युक्त्या करतो, हे वाचून माझ्यासारख्या कवीचं मन भरून येतं. आमच्या पुस्तकांसाठी कुणी साधी मनिऑर्डर करत नाही, ते सोडा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २००७ साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुणांनी बेंगळुरूत 'फ्लिपकार्ट' सुरू केलं, तेही पुस्तकांपासूनच. पहिली मागणी कुठून यावी? बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांतून नाही, मुंबई-दिल्लीतूनही नाही. ती आली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आणि आता तेलंगणात असलेल्या महबूबनगरहून. जॉन वुड या लेखकाचं एक इंग्रजी पुस्तक हवं होतं. ते जवळ नव्हतं, तेव्हा या दोघांनी शहरातली दुकानं पालथी घातली, पुस्तक मिळवलं आणि पाठवलं. वाचक महानगरातच असतात असं समजणाऱ्या सगळ्यांना महबूबनगरनं पहिल्याच दिवशी उत्तर दिलं.

कधी कधी पत्त्यापेक्षा त्यावरचं नाव चक्रावून टाकतं. २००२ साली अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी बातमी दिली की 'नासा' ही अंतराळ संस्था इंटरनेटवर जुनं सामान धुंडाळते आहे. स्पेस शटलच्या रॉकेटची तपासणी करणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रांत इंटेलची ८०८६ ही चिप होती. ती १९७८ सालची. २००२ साली ती नव्यानं कुठून मिळणार? म्हणून ईबेसारख्या ठिकाणी मोडीत निघालेली यंत्रं शोधायची आणि त्यातल्या चिप काढून घ्यायच्या, असा उद्योग सुरू होता. आपल्या माळ्यावरचं भंगार अवकाशयानाच्या उपयोगी पडेल, असं विकणाऱ्याच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

याच्या अगदी उलट टोकाचा किस्सा २००४ सालचा आहे. फ्लोरिडातल्या एका बाईंनी दहा वर्षं जपून ठेवलेला चीज सँडविचचा तुकडा ईबेवर विकायला काढला. त्यावर मदर मेरीचा चेहरा उमटला आहे, असं त्यांचं म्हणणं. तो २८ हजार डॉलरला गेला. घेणारा कुणी भाविक नव्हता. घेतला तो एका ऑनलाइन जुगारगृहानं, जाहिरातीसाठी!

आणि तिसरं उदाहरण जरा गंभीर आहे. डेन्मार्कमधले प्राचीन कोरीव रत्नांचे जाणकार व्यापारी इत्ताय ग्राडेल यांनी ईबेवरून स्वस्तात काही जुने कोरीव खडे घेतले होते. ते ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातले असावेत, असं त्यांच्या पुढं लक्षात आलं. २०२१ मध्ये त्यांनी संग्रहालयाला कळवलं. सुरुवातीला काही हरवलेलं नाही असंच उत्तर मिळालं. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये, सुमारे दोन हजार वस्तू गहाळ झाल्याचं, चोरीला गेल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं आणि संचालकांना पद सोडावं लागलं. चोरीचा माल कुठल्या अनोळखी पत्त्यावर गेला तर खपून जाईल, असं विकणाऱ्याला वाटलं असणार. तो पोचला नेमका तो ओळखणाऱ्या माणसाच्या हाती.

आपल्याकडं २०१५ च्या सुमारास गोवऱ्या ऑनलाइन विकायला आल्या, तेव्हा लोक हसले होते. आमच्या भागात त्यांना शेणी म्हणतात. खेड्यात त्या उकिरड्याशेजारी थापलेल्या असतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण होम-हवनाला, पूजेला शेणी हवी आणि चौदाव्या मजल्यावर राहतो, अशा शहरी माणसानं ती आणायची कुठून? मागणी खरी होती. ती कुठं राहते, हे फक्त ठाऊक नव्हतं.

तर जगाच्या पाठीवर कुणाला काय हवं असेल, सांगता येत नाही. इंटरनेटनं हवं असणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून दिली. पण मंडळी, इंटरनेट वस्तू उचलून नेत नाही. तारेतून कविता जाते, फोटो जातो, पैसेही जातात. सतार जात नाही, चप्पल जात नाही, औषध जात नाही. त्यांना आजही गाडी लागते, बोट लागते, खेचर लागतं आणि शेवटी एक माणूस लागतो. तो माणूस कुठवर जायला तयार आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचं ब्रिटनच्या ताब्यातलं एक बेट आहे. वस्ती अडीचशेच्या आतबाहेर. विमानतळ नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून बोटीनं जायला आठवडाभर लागतो आणि बोटीही वर्षातून मोजक्याच. या बेटावरच्या एकुलत्या एक गावाचं नाव आहे 'एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज', म्हणजे सात समुद्रांचं एडिंबरा. आता घोटाळा लक्षात आला ना? बेटावरच्या लोकांनी ऑनलाइन काही मागवलं की पत्त्यातलं एडिंबरा वाचून सामान स्कॉटलंडच्या एडिंबराकडं वळायचं. शिवाय वेबसाइटवर पोस्टकोडचा रकाना भरल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही, आणि यांना तर पोस्टकोडच नव्हता. शेवटी २००५ साली त्यांना स्वतंत्र पोस्टकोड मिळाला: टीडीसीयू १ झेडझेड. सात अक्षर-अंकांचा हा कोड मिळाला आणि ही माणसं जगाच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून दाखल झाली. याच बेटानं १९४६ मध्ये तिकिटांचा एक नमुना छापला होता. त्यावर किंमत होती एक पेनी किंवा चार बटाटे, कारण तिथं नाण्यांपेक्षा बटाट्यांचाच व्यवहार सोयीचा होता. बटाट्यांपासून ऑनलाइन खरेदीपर्यंतचा प्रवास त्यांनी एका आयुष्यात पाहिला.

अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या तळाशी सुपाई नावाचं हवासुपाई या आदिवासी जमातीचं गाव आहे. तिथं मोटार जात नाही. सुमारे आठ मैलांची दरीतली वाट आहे आणि टपाल खेचरांच्या पाठीवरून उतरतं. पत्रं, धान्य, औषधं, आणि आता ऑनलाइन मागवलेली खोकीसुद्धा. कुठल्या तरी प्रचंड गोदामात यंत्रमानवानं उचललेलं खोकं शेवटी खेचराच्या पाठीवर चढतं, हे चित्र मला फार आवडतं.

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी संशोधन केंद्राचा पत्ता सैनिकी टपालाचा आहे. टपाल न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमार्गे जातं. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ध्रुवावर विमानं उतरत नाहीत. जानेवारीत मागवलेलं पुस्तक चुकलं, तर ते नोव्हेंबरात. दिवाळी अंक मागवावा आणि तो पुढच्या दिवाळीला यावा, तसला प्रकार.

अंटार्क्टिकावर आपलंही टपाल कार्यालय आहे, आणि त्याचं नातं आपल्याशी जवळचं आहे. १९८४ साली 'दक्षिण गंगोत्री' या भारतीय तळावर ते पहिल्यांदा सुरू झालं. पुढं तो तळ बर्फात गाडला गेला आणि १९९० मध्ये 'मैत्री' तळावर शाखा आली. ५ एप्रिल २०२४ रोजी 'भारती' तळावर आणखी एक शाखा उघडली. तिला प्रायोगिक पिनकोड मिळाला एमएच १७१८. यातलं 'एमएच' म्हणजे आपला महाराष्ट्रच! कारण ही कार्यालयं महाराष्ट्र टपाल परिमंडळात, गोवा विभागाकडं येतात, आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच वास्कोला आहे. तिथल्या शिक्क्यासाठी देशभरचे तिकीटसंग्राहक आपली पाकिटं गोव्याला पाठवतात, ती बर्फाच्या मुलखात जाऊन शिक्का घेऊन परत येतात.

पिनकोडचा विषय निघालाच आहे, तर एका मराठी माणसाची आठवण काढायला हवी. श्रीराम भिकाजी वेलणकर. मूळचे कोकणातले, केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी आणि त्याहून मोठी ओळख म्हणजे संस्कृत कवी व नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या कल्पनेतून. अडचण ट्रिस्टनवाल्यांचीच होती. एक एडिंबरा नव्हे, आपल्याकडं वडगाव किती, पिंपळगाव किती, नांदगाव किती! त्यात पत्ता कुणी मराठीत लिहिणार, कुणी उर्दूत, कुणी तमिळमध्ये. वेलणकरांनी सहा आकड्यांत देश बसवला. पहिला आकडा मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं नेमकं कार्यालय. माझ्या मिरजेचा पिन आहे ४१६४१०. चार म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, ४१६ म्हणजे आमचा कोल्हापूर-सांगलीचा टापू, आणि ४१० म्हणजे मिरज. मात्रा मोजून शब्द बसवायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचावं. एक कवी असल्यानं मला याचा अभिमान वाटतो.

पिनकोडचा पहिला आकडा नऊ असेल, तर तो कुठलाच प्रदेश नव्हे. तो सैन्याचा. याचा अनुभव मला घरबसल्या आला. माझ्या एका कवितासंग्रहाच्या प्रती बरीच वर्षं कॉटखाली होत्या. भाच्यानं एके दिवशी पुस्तकाचा फोटो काढून तो ऑनलाइन विक्रीला ठेवला. "मामू, गिऱ्हाईक येणार, तुम्ही फक्त बघत राहा," म्हणाला. मी बघत राहिलो. महिन्याभरानं पहिली मागणी आली. हुद्दा, नाव, तुकडी, आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. ना गाव, ना जिल्हा, ना राज्य. भाचा म्हणाला, पत्ता अर्धवट दिसतो, रद्द करू का? आमचे पोस्टमनकाका तेव्हा दारातच होते. त्यांनी समजावलं, की हा पूर्ण पत्ता आहे. ५६ एपीओ म्हटलं की टपाल दिल्लीच्या सैनिकी केंद्राकडं जातं, ९९ एपीओ म्हटलं की कोलकात्याच्या. तुकडी आज कुठं आहे, ते तिथून पुढं त्यांचं त्यांना माहीत. आपण विचारायचं नाही.

पुस्तक गेलं. दोन महिन्यांनी चार ओळींचं मराठी पत्र आलं. पुस्तक मिळालं, वाचलं, सोबत्यांनाही वाचून दाखवलं. इथं थंडी फार आहे, एवढंच लिहू शकतो. माझा वाचक नकाशावर कुठं बसून माझी कविता वाचत होता, ते मला आजही माहीत नाही. पण कुणाला तरी माहीत होतं आणि तो तिथवर गेला. त्या दिवसापासून पत्ता या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. पत्ता म्हणजे माणूस राहतो ती जागा, असं आपण समजतो. तसं नाही. पत्ता म्हणजे कुणीतरी आपल्यापर्यंत येण्याची घेतलेली जबाबदारी.

ही जबाबदारी जगानं एकत्र बसून घेतली ती १८७४ साली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि जागतिक टपाल संघ स्थापन झाला. सगळं जग टपालापुरतं एकच मुलूख मानायचं, तुमचं पत्र आमच्या देशात आलं तर आम्ही ते पोचवायचं, आमचं तुमच्याकडं आलं तर तुम्ही, असं त्याचं तत्त्व. भारत त्यात १८७६ पासून आहे. १८७७ मध्ये आपल्याकडं व्ही.पी. सुरू झाली. माल घरी आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे. जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिराती ज्यांना आठवतात, त्यांना व्ही.पी.नं मागवलेली पुस्तकं, घड्याळं, औषधं आठवतील. २०१० च्या सुमारास ऑनलाइन दुकानांनी 'घरपोच आल्यावर पैसे द्या' म्हणत जी सोय आणली, ती आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासूनची होती.

आता आमच्या गल्लीकडं वळतो. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर १९ व्या शतकात तंतुवाद्यं घडवू लागले, त्यांचे वारस आजही तिथं काम करतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या ओळखीच्या एका चाचांच्या कारखान्यातले फोटो त्यांच्या मुलानं इंटरनेटवर टाकले आणि काही महिन्यांत तानपुऱ्याची मागणी आली, थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रॉम्सोहून. हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडं आहे, हिवाळ्यात दोन महिने तिथं सूर्य उगवत नाही. चाचांनी हे ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "मग तो सकाळचे राग कधी गाणार?"

चेष्टा बाजूला ठेवू. त्या तानपुऱ्याला पोचवणं हे मोठं शास्त्र आहे. भोपळा अंड्यासारखा नाजूक. त्याला गवताचं, कापडाचं, फोमचं अस्तर. वर लाकडी पेटी. तारा सैल सोडलेल्या. त्यात भोपळा आणि लाकूड दोन्ही वनस्पतिजन्य, म्हणजे कीड नसल्याची कागदपत्रं आली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश तर असा माल फार कसून तपासतात. पेटी निघाली तेव्हा चाचांचा मुलगा रोज मोबाइलवर बघायचा. आज मुंबई, आज जर्मनी, आज ओस्लो. तानपुरा सुखरूप पोचला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. माझी आपा जत तालुक्यात गावाबाहेरच्या एका वस्तीवर राहते. मिरजेपासून काही तासांची वाट. तिच्या नातवाला कानाचं यंत्र आहे. त्याला बटणाएवढ्या बॅटऱ्या लागतात, त्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात आणि तालुक्याच्या गावी नेहमी मिळत नाहीत. भाच्यानं त्या ऑनलाइन मागवायला घेतल्या. पिनकोड टाकला, उत्तर आलं: 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.' तानपुरा ध्रुववृत्ताच्या पलीकडं गेला. बॅटऱ्या जतला जाईनात. त्या दिवसांत पोरगं शाळेत बाकावर नुसतं बसून होतं. शेवटी बॅटऱ्या मिरजेच्या पत्त्यावर मागवल्या आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दिल्या. पुढं स्टँडवरून आपाचा मुलगा मोटरसायकलनं घेऊन गेला.

असं का होतं, ते समजून घेऊ. ऑनलाइन मालाचा प्रवास गोदाम, मोठं छाननी केंद्र, स्थानिक केंद्र आणि घर, अशा टप्प्यांनी होतो. यातला शेवटचा टप्पा सगळ्यांत महाग. शहरात एक मुलगा एकाच इमारतीत दहा खोकी देतो. वस्तीवर एका खोक्यासाठी पंधरा किलोमीटर जावं लागतं. त्यात गिऱ्हाईक घरी नसलं तर फेरी फुकट. म्हणून खासगी कंपन्या कुठल्या पिनकोडला जायचं याची यादी ठेवतात आणि जिथं परवडत नाही, तिथं जात नाहीत. व्यापार म्हणून त्यांचं गणित बरोबर असेल. पण टपाल खात्याचं गणित पहिल्यापासून वेगळं आहे. मुंबईच्या फोर्टमधलं पत्र आणि स्पितीच्या डोंगरातलं पत्र त्याला सारखंच. देशातल्या दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य खेड्यांतच आहेत, ती या हिशेबानंच. अनेक खासगी विक्रेतेही दुर्गम भागासाठी शेवटी पोस्टाचाच आधार घेतात.

जबाबदारी घेणाऱ्यानं हात काढून घेतला की काय होतं, ते २०२५ मध्ये आपण पाहिलं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सवलत २९ ऑगस्टपासून बंद केली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं, हे स्पष्ट नव्हतं. विमान कंपन्या माल घेईनात. भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक टपाल थांबवलं, पुढं तर पत्रंसुद्धा थांबली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, शुल्क आधीच भरून घेण्याच्या व्यवस्थेसह. त्या वर्षी दिवाळी होती २० ऑक्टोबरच्या आसपास. चकली-चिवड्याचे डबे पोस्टानं न्यू जर्सीला पाठवणाऱ्या आयांनी काय केलं असेल, तुम्हीच विचार करा. खासगी कुरियर होतं, पण ते महाग. आणि दागिने, भरतकाम, खेळणी असलं किरकोळ काही पोस्टानं अमेरिकेला विकणाऱ्या घरगुती विक्रेत्यांचा तर ऐन सणाचा हंगाम गेला. गिऱ्हाईक होतं, माल होता, पत्ताही होता. मधला माणूस नव्हता.

मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं 'डिजिपिन' आणला आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले आहेत. प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा स्वतःचा कोड. म्हणजे आपाच्या वस्तीलाच काय, तिच्या अंगणातल्या चिंचेलाही आता पत्ता आहे. ज्यांचं घर नंबराशिवाय, रस्त्याच्या नावाशिवाय उभं आहे, त्या तांड्यांना, पाड्यांना, झोपडपट्ट्यांना याचा खरा उपयोग व्हावा. रुग्णवाहिकेला दार सापडावं, औषधाला घर सापडावं.

पण कोडनं फक्त जागा कळते. तिथवर जायचं की नाही, हे माणसं ठरवतात. ट्रिस्टनला पोस्टकोड मिळाला तो ब्रिटननं त्या मूठभर लोकांना आपलं मानलं म्हणून. सुपाईला खेचरं उतरतात ती टपाल खात्यानं तोट्याचा विचार बाजूला ठेवला म्हणून. आपल्या सरकारनं, आपल्या टपाल खात्यानं आणि आपल्या जिवावर मोठ्या झालेल्या कंपन्यांनीही 'सेवा उपलब्ध नाही' ही पाटी किती गावांवर लावली आहे, ते एकदा मोजायला हवं. ग्राहक पंचायतींनी, ग्रामसभांनी हा प्रश्न विचारावा. पाणी आणि रस्त्याइतकाच तो हक्काचा आहे.

आणि तुमच्यापैकी कुणी घरबसल्या काही विकत असेल, लोणची, गोधड्या, पुस्तकं, काहीही, तर एक सांगतो. कधी विचित्र पत्ता आला, गाव नसलेला, नाव कधी न ऐकलेला, तर तो लगेच रद्द करू नका. जवळच्या पोस्टात जाऊन विचारा. छोट्या विक्रेत्यांना परदेशी माल पाठवता यावा म्हणून २०२२ पासून डाक घर निर्यात केंद्रंही सुरू झाली आहेत. कागदपत्रांची माहिती तिथं मिळते. मागवणाऱ्यांनीही पत्ता पूर्ण लिहावा. नाव, घर, खूण, पिनकोड, फोन. मोठ्या झाडाचं, विहिरीचं, मशिदीचं, मारुतीच्या देवळाचं नाव लिहायला लाजू नये. ऊन-पावसात आपलं घर शोधत येणारा मुलगा परगावचा असतो, त्याला तेवढीच मदत होते. तो आला की त्याला आधी पाणी विचारावं, मग खोकं घ्यावं.